ऐकत नाही

माझ्या आईने मला लहानपणीच एक पदवी बहाल केली होती: चोंबडी. शेजारी पाहुणे आले की ते कोण, कुठले, किती दिवस राहणार, जाताना केळ्यांचा घड का नेला नाही, हे सगळं विचारून मगच मी घरी यायचे. पुढे मी डॉक्टर झाले आणि त्याच सवयीला लोक 'मॅडम किती आपुलकीने चौकशी करतात' असं म्हणायला लागले. पांढरा कोट चढवला की अवगुणसुद्धा बरा दिसतो.

आता अशा बाईला प्रश्न कसे विचारायचे ते कुणी शिकवायला लागलं, तर तिचं डोकं फिरणारच. त्या रविवारी वसईत डॉक्टरांसाठी प्रशिक्षण होतं. मुलांवर होणारा अत्याचार आणि मुलांच्या वाढीतल्या अडचणी वेळेवर ओळखायच्या कशा, हा विषय. मी तोंड वाकडं करूनच गेले. मला ओढून नेलं संकेतने. संकेत म्हणजे माझ्या दवाखान्यात दोन वर्षांपासून बसणारा तरुण डॉक्टर. घराणं साताऱ्याकडचं, वाढला विरारला फुलपाड्यात, आणि केळीचं झाड त्याने जवळून पाहिलं ते माझ्याकडे आल्यावर. माझा दवाखाना सांडोरच्या वाटेवर आहे. पेशंट निम्मे वाडीवाले, निम्मे नव्या इमारतींमधले. वाडीवाले माझे, इमारतवाले त्याचे, अशी न बोलता झालेली वाटणी.

शिकवायला डॉ. रोवेना होत्या, वसईच्याच, लहान मुलांच्या डॉक्टर. उंचीने माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. माइक हातात घेऊन त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "गेल्या वर्षभरात घरी मार खाल्लेलं मूल कुणाकुणाच्या दवाखान्यात आलं?"

एकही हात वर झाला नाही. 

"कमाल आहे," रोवेना म्हणाल्या, "म्हणजे सगळी माझ्याकडेच येतात वाटतं."

इथे मी खुर्चीत जरा सरळ बसले. बाई कामाची दिसत होती.

मग त्यांनी पडद्यावर फोटो दाखवले. मूल पडलं की गुडघा फुटतो, नडगीला लागतं, कपाळाला टेंगूळ येतं. पण कान, मान, पोट, मांडीची आतली बाजू या जागा पडून सहसा काळ्यानिळ्या होत नाहीत. तिथे खूण दिसली तर थांबायचं. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली ती मला नवी होती. ज्या मुलाच्या वाढीत काही अडचण असते, ते मूल इतरांपेक्षा जास्त मार खातं. "कारण अडचण दिसत नाही," त्या म्हणाल्या, "हट्ट दिसतो."

शेवटी एक खेळ घेतला. जोड्या करायच्या, एकाने तक्रार सांगायची आणि दुसऱ्याने फक्त एकच शब्द बोलायचा: 'म्हणजे?' सल्ला द्यायचा नाही, अंदाज बांधायचा नाही, समोरच्याचा शब्द उचलायचा आणि विचारायचं, म्हणजे? मी संकेतसमोर बसले.

"माझी बॉस फार कडक आहे," संकेत साळसूदपणे म्हणाला.

"कडक म्हणजे?"

"म्हणजे माझं बोलणं अर्धं होतं तोच तिच्याकडे उत्तर तयार असतं."

"म्हणजे?" हे मी जरा मोठ्यानेच विचारलं असावं, कारण शेजारची जोडी आमच्याकडे वळून बघायला लागली.

"म्हणजे हेच, मॅडम," संकेत म्हणाला.

घरी जाताना मी त्याच्याशी अर्ध्या वाटेपर्यंत बोलले नाही. पण तो शब्द डोक्यात राहिला. आयुष्यभर चोंबडेपणा करून मी एवढा छोटा प्रश्न कधी विचारला नव्हता. मी विचारते ते लांबलचक, आणि त्यात उत्तर आधीच कोंबलेलं असतं.

पुढच्याच आठवड्यात आत्मारामकाका आले. सांडोरला त्यांची केळी आणि भाजीची वाडी आहे. माझ्या बाबांचे दोस्त, मला फ्रॉकमध्ये पाहिलेले, त्यामुळे माझ्या डिग्रीचा त्यांच्यावर काडीचा परिणाम नाही. बरोबर सून रुचिता आणि नातू केयूर. केयूर पाच वर्षांचा. काकांचा मुलगा धवल बोटीवर नोकरीला, वर्षातले बरेच महिने समुद्रावर, घरच्यांना भेटतो तो फोनमध्येच. त्यांची नि माझी बोलणी आमच्या वाडवळी बोलीत झाली. ती तशीच लिहिली तर बाहेरच्यांना अर्धी कळायची नाही, म्हणून सरळ मराठीत सांगते.

"जागृती, एक सही दे," काका बसता बसता म्हणाले. "पोरगा तब्येतीने ठणठणीत आहे असं लिहून दे. डोंगराच्या बाजूला एक निवासी शाळा आहे. गुरुजी कडक आहेत. वर्षभर तिथे राहिला की सुतासारखा सरळ होईल. सोमवारी पोचवायचाय."

"पाच वर्षांच्या पोराला? एकट्याला?"

"घरी कुणाचं ऐकत नाही. बालवाडीच्या बाईंनी हात टेकले. उद्या डोक्यावर बसेल." रुचिता मान खाली घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. सासऱ्यासमोर बोलायची तिची पद्धत नव्हती, आणि ज्याने बोलायचं तो बोटीवर.

संकेत केयूरला तपासत होता. त्याने शर्टाची बाही वर केली आणि थबकला. पोराच्या हातांवर, कोपरापासून मनगटापर्यंत तपकिरी काळे डाग. संकेतचा चेहरा पडद्यावरच्या फोटोंसारखा गंभीर झाला. त्याने मला डोळ्याने बाजूला बोलावलं. "मॅडम, bruising आहे, माराच्या खुणा," तो कुजबुजला. "दोन्ही हातांना. हेल्पलाइनला फोन करूया?"

मला हसू आवरेना. "काका, तुमचे हात दाखवा जरा," मी म्हटलं. काकांनी हात पुढे केले. तेच डाग, त्याच रंगाचे, कोपरापर्यंत. "संकेतराव, हा केळीचा चीक. ओला असतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो, सुकला की असा. साबणाने जात नाही, दिवस जातील तसा झिजून जातो. आमच्या लहानपणीचा एकही फ्रॉक याच्याशिवाय नव्हता."

"माझ्याबरोबर, आबाबरोबर घड उतरवायला येतो तो," काका कौतुकाने म्हणाले. "घड धरून उभा राहतो खाली. त्या कामाला वाघ आहे."

संकेतचे कान लाल झाले. मी भलतीच खूश. प्रशिक्षण घेऊन माणूस शहाणा होत नाही, त्याला गावही माहीत असावं लागतं, असं एक वाक्य माझ्या जिभेवर तयारच होतं. मी पेन उघडलं.

एवढ्यात केयूरने खिडकीतल्या मांजराकडे मान वळवली. संकेतने त्याचे केस जरा बाजूला केले, वाकून पाहिलं, आणि माझ्याकडे बघून अगदी साध्या आवाजात विचारलं, "मॅडम, हासुद्धा चीक का?"

मी उठून पाहिलं. उजव्या कानाची मागची बाजू, वरच्या कडेपासून खालपर्यंत, जांभळी. डाव्या कानाला तशीच खूण, पण जुनी, पिवळट पडलेली. हा काही चीक नव्हता. माझ्या तोंडचं ते शहाणं वाक्य मी गिळून टाकलं आणि पेन बंद केलं. मला फार राग आला होता. त्यात थोडा माझ्यावरचाही होता.

अशा वेळी मी एरवी काय केलं असतं ते मला पक्कं माहीत आहे. काकांना फैलावर घेतलं असतं, ते उठून गेले असते, आणि सोमवारी पोरगा डोंगरापलीकडे. सही काय, दुसरीकडे चहाच्या वेळात मिळते. म्हणून मी जीभ दातांखाली धरली आणि रोवेनांचा तो छोटा शब्द काढला.

"काका, केयूर ऐकत नाही म्हणालात. म्हणजे?"

"म्हणजे ऐकत नाही. सांगितलेलं."

"म्हणजे कसं?"

"अगं, मराठी कळत नाही का तुला? हाक मारली तर येत नाही. 'पाण्याच्या पाटात जाऊ नको' म्हणून मागून ओरडतोय, तर हा खुशाल पाटात. या कानाने ऐकायचं, त्या कानाने सोडायचं. मग कान पिळला की येतो बरोबर."

"मागून ओरडलात. आणि समोर उभं राहून सांगितलं तर?"

हा प्रश्न काकांना कुणी विचारलाच नसावा. उत्तर रुचिताने दिलं, इतक्या हळू की मला पुढे वाकावं लागलं. "समोरून सांगितलं तर ऐकतो, ताई."

"नेहमी?"

"उजेड असला की. दिवे गेले की एकदम वेड्यासारखा करतो. माझं तोंड दोन्ही हातांनी धरून स्वतःकडे वळवतो."

"उद्धटपणा," काका म्हणाले. "आणि ते सांग ना. अंधारात आईचा गळा धरतो गं. एवढंसं पोर, आईचा गळा धरतं. तेव्हाच मी म्हटलं, याला घरात ठेवण्यात अर्थ नाही."

त्यात काहीतरी होतं, पण काय ते मला अजून कळलं नव्हतं. नुसती उत्सुकता होती, ती लहानपणची, शेजारच्या दारात उभं राहिल्यासारखी. "रुचिता, गळा धरतो म्हणजे? कसा धरतो? माझा धरून दाखव."

ती बिचकली. मग उठली, माझ्याजवळ आली आणि तिने आपला तळवा माझ्या गळ्यावर ठेवला. बोटं आवळली नाहीत. नुसता सपाट तळवा, ताप बघतात तसा. "असा," ती म्हणाली. "आणि मी गाणं म्हणत राहिले की झोपतो. थांबले की उठतो."

"असा?" मी विचारलं, आणि विचारताना माझा आवाज तिच्या हाताला लागला. गळ्यातला आवाज तळव्यालाही कळतो, हे मला उमगलं. तिलाही कळलं. तिने हात चटकन काढला आणि स्वतःच्याच तळव्याकडे पाहत राहिली.

संकेत टेबलाच्या खणातून चॉकलेट घेऊन आला. रडणाऱ्या पोरांसाठी आम्ही ठेवतो ती. केयूर मांजर बघत पाठमोरा होता. संकेत त्याच्या मागे उभा राहिला आणि चॉकलेटचा कागद चुरगाळायला लागला. चुर्र, चुर्र. दाराबाहेर बाकावर बसलेल्या कुणाच्या तरी पोरीने तेवढ्यानेही आत डोकावून पाहिलं. केयूर मांजर बघत होता. संकेतने कागद त्याच्या डाव्या कानाशी नेला, मग उजव्या. पोरगं ढिम्म. मग संकेत त्याच्या समोर गेला आणि तेच चॉकलेट नुसतं दाखवलं. केयूरने ते असं झडपलं की संकेतचं बोट जाता जाता वाचलं.

"बहिरा नाहीये तो," काका म्हणाले, पण आवाज खाली आला होता. "फटाका वाजला तर दचकतो. पंप सुरू झाला की त्याला कळतं. आणि बोलतोही, 'आबा' म्हणतो मला."

"जाड, मोठे आवाज पोचत असतील, काका. बारीक पोचत नसतील. बोलण्यात बारीक आवाज खूप असतात. तो तोंड बघून कळून घेतो. तोंड दिसेनासं झालं की हाताने ऐकतो. आईचा गळा धरत नाही तो, आईचा आवाज धरतो. नीट तपासणी होईल तेव्हा किती आणि काय ते कळेल. पण ऐकत नाही म्हणजे ऐकू येत नाही. शब्द एकच आहे आपल्याकडे, त्यानेच घात केला."

माणूस अडकला की करतो तेच काकांनी केलं, आवाज चढवला. "पिळला कान, मग? माझा बाप माझे पिळायचा. तुझ्या बापाने तुझे नाही पिळले?"

"पिळले की. पण मला ऐकू येत होतं."

एवढं बोलून मी खुर्चीत बसले. पुढचं बोलणं त्याहून जड होतं. ओळखीच्या माणसाच्या बाबतीत कानाडोळा करणं किती सोपं असतं हे त्या खुर्चीत बसल्यावरच कळतं. बाबांचे दोस्त, लग्नात माझ्या डोक्यावर अक्षता टाकलेले. संकेत माझ्याकडे बघत होता. आता मलाच बोलावं लागणार होतं.

"काका, मी ही सही करणार नाही. आणि त्याच्या कानांना जी इजा झालीय ती मी कळवणार आहे. मुलांसाठी सरकारी समिती असते, त्यांचं माणूस घरी येईल, विचारपूस करेल. तुमच्या पाठीमागून करत नाही, तोंडावर सांगतेय."

"आमच्या घरात लोक आणून बसवणार तू? सांडोरभर तोंड काळं करणार?"

"हो."

"सही दुसरीकडे मिळेल," ते उठत म्हणाले. "चल गं रुचिता. सोमवार चुकवायचा नाही."

रुचिता उठली नाही. तिने केयूरला मांडीवर घेतला, त्याचं तोंड स्वतःकडे वळवलं आणि त्याला बोलली, सासऱ्याला नाही. तोंड हलताना नीट दिसेल अशी, सावकाश. "केयूर कुठे जाणार नाही. केयूर आईजवळ." पोराने तिच्या ओठांकडे पाहिलं आणि मान डोलावली. काका दारातच उभे राहिले. त्या बाईने त्यांच्यासमोर एवढं बोललेलं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असणार.

ते एकटेच घरी गेले.

तपासणीची चिठ्ठी रोवेनांनी दिली, तारीख संकेतने मागे लागून मिळवली. दोन्ही कान अधू निघाले, बारीक आवाजाला जवळजवळ बंद. जन्मापासून असावं, असं तपासणी करणाऱ्या मॅडम म्हणाल्या. समितीची बाई सांडोरला जाऊन आली. काकांनी तिला चहासुद्धा दिला नाही म्हणे, पण प्रश्नांना उत्तरं दिली. धवलचा बोटीवरून फोन आला, बापाशी तो काय बोलला ते मला माहीत नाही, आणि हे मी विचारलं नाही, आश्चर्य वाटेल तुम्हाला. बाजारात काका मला बघून रस्ता बदलायचे. मला वाईट वाटायचं. फार वाटायचं, उगाच खोटं कशाला बोलू. पण निवासी शाळेचा विषय निघाला नाही.

ऐकू येण्याची यंत्रं आल्यावर रुचिता केयूरला घेऊन दवाखान्यात आली. कानामागे अडकवायची, घेवड्याच्या शेंगेएवढी. आणि तिच्या मागून, मला न बघितल्यासारखं करत, आत्मारामकाका.

"शिकून घ्या म्हणाली सून," ते भिंतीला उद्देशून म्हणाले. "ती नसताना मलाच घालावं लागणार ना वाडीवर."

रुचिताने एक यंत्र त्यांच्या हातात ठेवलं. चिकाने काळवंडलेली ती बोटं, आणि त्यात ती नाजूक वस्तू. काका वाकले आणि त्यांनी केयूरच्या उजव्या कानाकडे हात नेला.

केयूरने दोन्ही कान दोन्ही हातांनी झाकून घेतले. डोळे मिटले, खांदे वर घेतले आणि तसाच उभा राहिला. रडला नाही. सवयीने उभा राहिला.

काकांचा हात तिथेच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा. "कान झाकतो," ते म्हणाले. "म्हणजे?"

मी उत्तर दिलं नाही. त्यांना ते माहीत होतं. माझं तोंड बंद असलेला तो एक दुर्मीळ प्रसंग, संकेत साक्षीला आहे.

काकांनी हात मागे घेतला. गुडघे दुखतात त्यांचे, तरी धरत धरत ते फरशीवर बसले, पोराच्या तोंडासमोर तोंड येईल असे. यंत्र उघड्या तळव्यावर ठेवून हात पुढे केला. थांबले. बऱ्याच वेळाने केयूरने एक डोळा उघडला. मग दुसरा. तळव्यावर काय आहे ते त्याला बघायचं होतं. त्याने एक हात कानावरून काढला, यंत्राला बोट लावून पाहिलं. मग त्याने आजोबांच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ हलत होते, पण शब्द काही दिसत नव्हता. तेव्हा केयूरने आपला छोटा तळवा त्यांच्या गळ्यावर ठेवला.

काकांच्या गळ्यातून काहीच येईना.

केयूरने जरा वाट पाहिली. मग वाडीवरचा पंप बंद पडला की आबा थोपटतात, तसा त्याने तो गळा दोनदा थोपटला, आणि हात पुन्हा तिथेच ठेवून बसला.

"बोलतो रे," काका कसेबसे म्हणाले. "थांब जरा. बोलतो."